सी-अर्चिनला मेंदू नाही, मग काटे कुणाच्या सांगण्यावरून हलतात?

कातळावरची_काकी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण खरंच उत्तर हवंय, आणि माझ्यापेक्षा माझ्या लेकीला जास्त हवंय.

आम्ही रत्नागिरीचे. गेल्या अमावस्येला पाणी खूप आत गेलं होतं म्हणून लेकीला घेऊन कातळावर गेले. तिथे खडकात वाटीएवढी भोकं आहेत आणि जवळजवळ प्रत्येक भोकात एकेक काळा सी-अर्चिन बसलेला असतो. लेकीने गवताची लांब काडी घेतली आणि एकाच्या काट्यांच्या मधून आत कवचाला अलगद टेकवली, तर आजूबाजूचे आठ-दहा काटे सावकाश काडीकडे कलले, लांबचे मात्र होते तसेच. मग तिने एक काटा काडीने बाजूला ढकलला. पहिल्यांदा सहज कलला, दुसऱ्यांदा मात्र इतका घट्ट झाला की काडी वाकली पण काटा हलला नाही. आम्ही हात लावला नाही, पाच मिनिटांत पुढे निघालो.

आता ती दहावीत आहे, कंटकचर्मी संघ (सी-अर्चिन, तारामासा, समुद्रकाकडी यांचा गट) पाठ आहे, नलिकापाद म्हणजे त्यांचे नळीसारखे पाय वगैरे सगळं येतं, पण पुस्तकात यांना मेंदू नाही एवढंच कळतं आणि तिचा प्रश्न असा की मग काट्याला 'हल' आणि 'आता हलू नकोस' हे सांगतं कोण. मी नर्सिंग केलंय, त्यामुळे मज्जातंतू आणि स्नायूच्या मधे अ‍ॅसिटिलकोलीन असतं हे मला माहितीये, पण ते आपल्यात. यांच्यातही तेच का? आणि दिवसभर लाटांचा मार खात काटे रोवून बसतात तर स्नायू दमत कसे नाहीत? कुणी या विषयातलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

---

अर्चिनवाला

काकी, धागा बघून इतका आनंद झाला की जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलोय. मी सहा वर्षं सी-अर्चिनवर काम केलं, आधी पुण्यात आणि मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, तिथल्या जांभळ्या अर्चिनवर. तुमच्याकडचा भोकात बसणारा काळा बहुतेक स्टोमोन्यूस्टिस व्हॅरिओलॅरिस, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खडकाळ जागी तोच जास्त दिसतो.

तुमच्या लेकीने पाच मिनिटांत दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी बघितल्या. काटे काडीकडे कलले ती एक आणि काटा घट्ट झाला ती दुसरी. पहिलं काम स्नायूचं आहे, दुसरं बरंचसं स्नायूचं नाहीच. दुसऱ्यावर इथे कुणीतरी लिहीलच, मी पहिल्यावर लिहितो.

मेंदू नाही हे खरं, पण मज्जासंस्था चांगली भरपूर आहे. तोंडाभोवती एक मज्जातंतूंची कडी, तिच्यातून पाच जाड दोऱ्या कवचाच्या आतून वर जातात, त्यांच्या फांद्या कवचातल्या बारीक भोकांतून बाहेर येतात आणि बाहेर कातडीखाली पूर्ण अंगभर जाळं पसरलेलं असतं. प्रत्येक काट्याच्या बुडाशी या जाळ्याचा आपला आपला भाग आहे. म्हणून काडी जिथे लागली तिथलेच काटे कलले, कारण निर्णय तिथल्या तिथे झाला, वर कुठे विचारायला जावं लागलं नाही. कवचाचा तुकडा वेगळा केला तरी त्याच्यावरचे काटे स्पर्शाला तसेच कलतात. याकोब फॉन युक्सक्युल नावाच्या शास्त्रज्ञाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच बघून सी-अर्चिनला प्रतिक्षिप्त क्रियांचं प्रजासत्ताक म्हटलं होतं. राजा नाही, सगळे काटे आपापल्या वॉर्डाचे नगरसेवक.

आता केमिकल. हो, तुमचं बरोबर आहे, मुख्य काम अ‍ॅसिटिलकोलीनच करतं. काट्याच्या बुडाचा स्नायू, नलिकापादांचा स्नायू, तोंडातल्या अ‍ॅरिस्टॉटलच्या कंदिलाचे स्नायू (पाच दात, चाळीसेक तुकडे आणि साठेक स्नायू असं ते यंत्र आहे), समुद्रकाकडीच्या अंगातले लांब पट्ट्यासारखे स्नायू, सगळे अ‍ॅसिटिलकोलीन दिलं की आकसतात. स्नायूची पट्टी दोऱ्याने समुद्राच्या पाण्यात टांगायची, पाण्यात अगदी थोडं अ‍ॅसिटिलकोलीन सोडायचं आणि दोरा ओढला जाताना बघायचं. आधी इसेरिन टाकलं असेल तर तेवढ्याच डोसला ओढ जास्त येते, कारण अ‍ॅसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम इसेरिन अडवतं. म्हणजे नुसतं केमिकल नाही, ते साफ करणारी व्यवस्थासुद्धा आपल्यासारखी.

पण इथपर्यंत सारखेपणा, आणि पुढची गोष्ट मला या विषयातली सगळ्यात सुंदर वाटते. आपल्यात मज्जातंतूचं टोक स्नायूला जवळजवळ चिकटलेलं असतं, मधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी लहान. सी-अर्चिनच्या नलिकापादात तसं नाहीये. पाय म्हणजे एक पोकळ नळी, आत पाणी. मज्जातंतू बाहेरच्या कातडीखाली, स्नायू एकदम आतल्या बाजूला पाण्याच्या पोकळीला लागून, आणि दोघांच्या मधे जोडऊतीची (अवयवांना बांधून, आधार देऊन ठेवणाऱ्या ऊतीची) पूर्ण भिंत. मज्जातंतू ती भिंत ओलांडून स्नायूपर्यंत जातच नाही! एर्न्स्ट फ्लोरी आणि केहिल यांनी १९८० मध्ये यावर काम छापलं, निष्कर्ष असा की अ‍ॅसिटिलकोलीन भिंतीतून झिरपत जाऊन स्नायूला पोचतं, सिनॅप्स म्हणजे मज्जातंतू आणि स्नायूचा थेट सांधा नसतानाच. मातीच्या माठाला बाहेरून पाणी पाझरतं ना, तसंच पण उलट दिशेने. म्हणून नलिकापादाचं आकसणं सावकाश असतं, दचकून हात मागे घ्यावा तसं नाही.

अजून एक. याच लोकांनी १९७५ मध्ये दाखवलं होतं की या पायांना गाबा दिला तरी ते आकसतात. गाबा! जो आपल्या मेंदूत शांत करणारा म्हणून ओळखला जातो. आणि हा फ्लोरी कोण, तर ज्याने १९५० च्या दशकात सस्तन प्राण्यांच्या मेंदूतून मज्जापेशींना थांबवणारा अर्क काढला आणि १९५७ मध्ये ज्या तिघांनी मिळून दाखवलं की त्या अर्कातलं मुख्य द्रव्य गाबा आहे, त्यातला एक. म्हणजे ज्याने गाबाचा 'थांब' म्हणणारा चेहरा शोधला त्यालाच अर्चिनच्या पायात तो 'ओढ' म्हणताना दिसला.

जाता जाता, जांभळ्या अर्चिनचा जीनोम २००६ मध्ये वाचून झाला तेव्हा त्यात आपल्यातल्या बहुतेक न्यूरोट्रान्समीटरचं (मज्जापेशींचे निरोप नेणाऱ्या केमिकलचं) सामान सापडलं, सेरोटोनिन, डोपामिन, ग्लुटामेट, हिस्टामिन, पण पेशीतून पेशीत थेट वीज जाऊ देणाऱ्या गॅप जंक्शनची प्रोटीन्स सापडली नाहीत. आपल्या हृदयाचे ठोके त्याच जंक्शनवर चालतात. तेव्हा अर्चिनमध्ये जे काही सांगायचंय ते केमिकलनेच सांगावं लागतं.

---

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

वा, अर्चिनवाला, अप्रतिम प्रतिसाद. मी रोज हेच अ‍ॅसिटिलकोलीन अडवायचं आणि परत सोडवायचं काम करतो त्यामुळे अगदी आपल्या घरचा विषय वाटला. इसेरिनचं वाचून तर हसूच आलं आनंदाने, ऑपरेशन संपल्यावर स्नायू परत जागे करायला आम्ही निओस्टिग्मिन देतो, ते त्याच जातीचं औषध.

गाबाबद्दल एक भर घालतो. गाबा म्हणजे थांब, असं आम्ही सगळे घोकतो, पण गाबाचा एक मुख्य रिसेप्टर म्हणजे क्लोराइडसाठीचं दार, बस. दार उघडल्यावर क्लोराइड आत येणार की बाहेर जाणार हे पेशीच्या आत ते आधीच किती साठलंय त्यावर ठरतं. उंदराच्या नवजात पिल्लाच्या मेंदूतल्या पेशींत क्लोराइड जास्त असतं, तिथे गाबाने पेशी उत्तेजित होताना दिसते, मोठं झाल्यावर आतलं क्लोराइड उपसलं जातं आणि तोच गाबा शांत करू लागतो. केमिकल एकच, दारही तेच. म्हणून मी ज्युनिअरना सांगत असतो की औषधाचं नाव पाठ करू नका, समोरची पेशी कुठल्या अवस्थेत आहे ते आधी बघा.

एक प्रश्न, संशोधनासाठी या प्राण्यांना भूल द्यायची तर काय देता? आमची औषधं चालतात का?

---

अर्चिनवाला

@भूलतज्ज्ञ, डॉक्टर, उत्तर ऐकून तुम्हाला ओळखीचं वाटेल. मॅग्नेशियम क्लोराइड. साधारण सात-साडेसात टक्क्यांचं द्रावण समुद्राच्या पाण्यात मिसळायचं, प्राणी हळूहळू सैल पडतो, नलिकापाद लोंबायला लागतात, काचेला धरलेली पकड सुटते, आणि परत स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवला की पूर्ववत.

---

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

अगदी ओळखीचं! बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके येण्याची भीती असते तेव्हा आईला मॅग्नेशियम सल्फेट देतात, आणि अशी पेशंट टेबलवर आली की आम्ही स्नायू सैल करणारं औषध जपून देतो कारण मॅग्नेशियमने त्याचा परिणाम वाढतो. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरलं तरच अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडतं आणि मॅग्नेशियम त्या कॅल्शियमची वाट अडवतं. लेबर रूममध्ये आणि तुमच्या टाकीत एकच गोष्ट चाललीये हे मला आज कळलं.

---

अर्चिनवाला

आणि याच्या उलटही आहे ते लिहायचं राहिलं. अंडी हवी असतील तर आम्ही अर्चिनच्या तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन देतो. पोटॅशियमने मज्जातंतू आणि स्नायू एकदम चेतावतात, प्रजनन ग्रंथीभोवतीचा पातळ स्नायू आकसतो आणि मिनिटाभरात कवचाच्या वरच्या टोकाला पाच बारीक भोकांतून पाच धारा लागतात. पांढरी धार आली की नर, पिवळसर नारिंगी आली की मादी. मादीला उलटं करून समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या बीकरवर ठेवायचं, अंडी दोऱ्यासारखी खाली उतरत तळाशी साचतात. अ‍ॅसिटिलकोलीन टोचलं तरी हेच होतं. मी शेकडो वेळा केलंय, अजूनही प्रत्येक वेळी तो पहिला दोरा खाली उतरेपर्यंत मी बीकरवरून डोळे काढत नाही.

---

जोडऊतीप्रेमी

काटा घट्ट होण्याबद्दल मी लिहितो, माझं पीएचडीचं काम याच्या जवळचं होतं.

काट्याचं बूड म्हणजे उखळी सांधा, कवचावर गुळगुळीत उंचवटा आणि त्याच्यावर बसणारी काट्याची वाटी, आपल्या खुब्यासारखं पण वाटी आणि गोळा उलटे. सांध्याभोवती दोन थर असतात. बाहेरचा थर स्नायूंचा, तो काट्याला या बाजूला त्या बाजूला ओढतो. आतला थर पांढरट, मुख्यतः कोलॅजेनचा, त्याला कॅच म्हणजे पकड यंत्रणा म्हणतात. आपल्यात कोलॅजेन म्हणजे दोरखंड, एकदा वळला की तसाच, अस्थिबंध काही इच्छेप्रमाणे मऊ-कडक होत नाहीत. या प्राण्यांत होतात. काही सेकंदांत किंवा मिनिटांत तोच थर लोण्यासारखा मऊ होतो नाहीतर वाळलेल्या कातड्यासारखा कडक. काकी, तुमच्या लेकीने पहिल्यांदा काटा ढकलला तेव्हा हा थर मऊ होता, त्या ढकलण्याचीच वर्दी मज्जातंतूंना गेली आणि दुसऱ्या वेळेपर्यंत थर कडक झाला. काडी वाकली ती कोलॅजेनपुढे.

जपानमध्ये ताकाहाशी यांनी १९६७ मध्ये या थरावर औषधं घालून मोजमापं केली आणि अ‍ॅसिटिलकोलीनने तो कडक होतो असं दाखवलं. म्हणजे लक्षात घ्या, ज्या केमिकलने बाहेरचा स्नायू आकसतो त्याच केमिकलने आतली जोडऊती कडक होते. आधी काटा रोवायचा, मग कुलूप. पुढे यावर जोरात वाद झाला, कारण या थरात अगदी थोडे बारीक स्नायूतंतूही असतात आणि १९९० च्या दशकात काहींचं म्हणणं होतं की कडकपणा त्यांच्यामुळेच येतो, कोलॅजेनमुळे नाही. मला तो वाद चांगला वाटतो, कारण त्यामुळे लोकांनी स्नायू नसलेला नमुना शोधून नीट तपासलं. समुद्रकाकडीच्या कातडीचा जाड थर घ्या, त्यात स्नायू नाहीतच म्हटलं तरी चालेल, तरी तो कडक होतो. कुकुमेरिया फ्राँडोसा या समुद्रकाकडीतून टेन्सिलिन नावाचं प्रोटीन वेगळं काढलं गेलं, ते कोलॅजेनच्या सुट्या तंतूंना एकमेकांशी बांधतं आणि ऊती घट्ट होते. मज्जातंतूंची टोकं या थरातल्या कणीदार पेशींजवळ येतात, त्या पेशी असली प्रोटीन्स सोडतात.

आता दमण्याचा प्रश्न. स्नायूने ओढून धरायचं तर सतत ऊर्जा जाळावी लागते, बादली हातात धरून उभं राहिलं की पाच मिनिटांत हात भरून येतो तसं. कोलॅजेन बांधून ठेवायला तसा खर्च नाही, बादली खुंटीला अडकवली की झालं. जपानमध्ये मोतोकावा यांच्या गटाने या ऊतीचा ऑक्सिजनचा वापर मोजला, तो स्नायूच्या मानाने खूपच कमी निघाला. तुमचे काळे अर्चिन पावसाळ्याच्या लाटांतसुद्धा भोकातून निघत नाहीत ते यामुळे. म्हणून सगळ्यांना कळकळीची विनंती, भोकातला अर्चिन ओढून काढू नका. तो सोडणार नाही, काटे तुटतील, कवच फुटेल, पण तो सोडणार नाही.

---

प्राणिशास्त्रवाली

सगळ्यांनी इतकं छान लिहिलंय, मी फक्त ताऱ्यामाशाचं पोट आणते मधे, कारण न्यूरोट्रान्समीटर म्हटलं की आपण अ‍ॅसिटिलकोलीन, गाबा अशा छोट्या रेणूंवर थांबतो आणि न्यूरोपेप्टाइड, म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांसारखे निरोप्ये रेणू, विसरतो, आणि या प्राण्यांत तर त्यांचीच गंमत जास्त आहे.

युरोपच्या किनाऱ्यावरचा साधा तारामासा, अ‍ॅस्टेरियस रुबेन्स, शिंपला पकडतो, नलिकापादांनी दोन्ही शिंपा ओढून बारीकशी फट पाडतो आणि स्वतःचं जठर तोंडातून बाहेर काढून त्या फटीतून आत सोडतो. शिंपल्यातलं मांस तिथेच पचवतो, मग जठर परत आत. आता हे जठर बाहेर यायचं तर आधी त्याचा स्नायू ढिला पडला पाहिजे आणि परत जायचं तर आकसला पाहिजे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात मॉरिस एल्फिक यांचा गट वर्षानुवर्षं यावर काम करतोय. १९९१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ताऱ्यामाशातून सालम्फामाइड नावाची दोन पेप्टाइड्स ओळखली, ती जठर ढिलं करतात. २०१३ मध्ये एनजीएफएफवायअमाइड नावाचं पेप्टाइड जठर आकसून आत ओढतं हे छापून आलं. एक बाहेर सोडणारं, एक आत घेणारं.

आणि २०१९ चं मला फार आवडतं. ताऱ्यामाशात ऑक्सिटोसिनच्या कुळातलं एक पेप्टाइड आहे, अ‍ॅस्टेरोटोसिन. ते टोचलं तर समोर शिंपला नसतानाच तारामासा हात वाकवून कमान करून बसतो आणि जठर बाहेर काढतो, हुबेहूब जेवायला बसल्यासारखा. काकी तुम्ही नर्सिंग केलंय म्हणजे लेबर रूममधलं ऑक्सिटोसिनचं ड्रिप तुम्हाला माहितीच आहे, ते गर्भाशय आकसवतं. त्याच कुळातला रेणू ताऱ्यामाशाचं जठर ढिलं करतो. आणि सी-अर्चिनमधला त्याचा भाऊ एकायनोटोसिन, २००९ मध्ये दाखवलं, तो परत नलिकापाद आणि अन्ननलिका आकसवतो. डॉक्टर म्हणाले ते अगदी पटलं, रेणूचं नाव सांगून काहीच कळत नाही, ऐकणारा कोण ते बघावं लागतं.

फक्त एक, कोकणातल्या वाळूत दिसणारा तारामासा बहुतेक वेळा अ‍ॅस्ट्रोपेक्टेन असतो. तो जठर बाहेर काढत नाही, छोट्या तिसऱ्या, गोगलगायी अख्ख्या गिळतो आणि रिकामी शिंप नंतर तोंडातून बाहेर टाकतो. त्याच्या नलिकापादांना चोषकही नसतात, टोकदार असतात, वाळूत खुपसून चालायला. लेकीला किनाऱ्यावर सापडला तर पाय नक्की बघायला सांगा.

---

मालवणी_डायवर

मी शिकलेला नाही या विषयात, पण पाण्यात रोज असतो. जोडऊतीप्रेमींनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर, समुद्रकाकडीला पाण्यात चुकून हाताचा धक्का लागला की आधी मऊ असते ती हातातच कडक होत जाते, अगदी जाणवतं. ती हातात घेऊ नका, समुद्रकाकडी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पकडणं गुन्हा आहे. आणि बघायला म्हणून कुणी यांना बादलीत नळाचं पाणी घालून ठेवतात ते तर अजिबात करू नका, गोडं पाणी यांना सोसत नाही, मरतात. बघायचं तर डबक्यात जिथे आहे तिथेच बघा, सावली पडू न देता, आणि पायात जाड तळाचे बूट घाला, काटा पायात मोडला तर आठ दिवस चालता येत नाही, मी भोगलंय.

---

कातळावरची_काकी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने सगळा धागा दोनदा वाचला आणि काल पौर्णिमेच्या ओहोटीला आम्ही परत गेलो. यावेळी तिने वही नेली होती. एकाच अर्चिनच्या एका काट्याला एकदाच काडी लावायची, कडक झाला की मोबाइलवर वेळ लावायची आणि परत मऊ कधी होतो ते दर मिनिटाला अगदी हलकेच टेकून बघायचं असं तिचं ठरलं होतं. तीन अर्चिन बघितले. पहिल्याचा काटा चौथ्या मिनिटाला सैल झाला, दुसऱ्याचा सातव्या, आणि तिसऱ्याचा होईना म्हणून ती थांबून राहिली तेवढ्यात पाणी चढायला लागलं आणि मी हाक मारली.

परत येताना म्हणाली, आई, मी दर मिनिटाला टेकून बघत होते ना, त्यामुळेच तो तिसरा कडक राहिला असेल, प्रत्येक वेळी त्याला नवीन वर्दी जात होती. आता पुढच्या अमावस्येला काडी न लावता कसं मोजायचं याचा विचार चाललाय. जोडऊतीप्रेमी, स्पर्श न करता काटा मऊ झालाय हे ओळखायचं काही साधन घरच्या घरी जमण्यासारखं आहे का?

---

जोडऊतीप्रेमी

काकी, तिने अगदी बरोबर पकडलं, स्पर्श हीच वर्दी असते. मोबाइल खडकावर टेकवून डबक्याचा वरून व्हिडिओ घ्या, दहा मिनिटं सलग. कुलूप लागलेला काटा हलक्या लाटेत जागचा हलत नाही, सैल झाला की पाण्याबरोबर टोक किंचित डुलायला लागतं. व्हिडिओ जोरात पळवून बघितला की कुठल्या मिनिटाला डुलणं सुरू झालं ते दिसेल. शेजारी न छेडलेला एक काटा त्याच चौकटीत राहू द्या म्हणजे तुलना करता येईल. आणि आकडे इथे लिहा, मी वाट बघतोय.